मींड

आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात तबला आला त्या वर्षी माझ्या वडिलांनी व्हायोलिन पेटीत ठेवले ते कायमचेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात मिशन प्रदेशांतील संगीतपरंपरेला मान देण्यास सांगितले आहे, हे धर्मगुरूंनी त्यांना समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या रविवारपासून ते मागच्या बाकावर बसू लागले.

राय कूडरची तबकडी हाती आली तेव्हा मला ते आठवले. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला हा गोरा गिटारवादक कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये मुरला. त्याचा खरा गुरू, माझ्या मते, टेक्ससचा ब्लाइंड विली जॉन्सन. या अंध गायकाने १९२७ साली गेथशेमनीच्या रात्रीवरील एक भक्तिगीत ध्वनिमुद्रित केले. पण त्यात शब्दच नाहीत. केवळ गुणगुणणे, आणि तारेवरून घसरत जाणारा स्वर. प्रभूच्या त्या रात्रीविषयी आणखी काय बोलायचे? ‘पॅरिस, टेक्सस’ या १९८४ च्या चित्रपटाचे संगीत कूडरने याच सुरावटीवर उभारले.

या घसरत्या स्वरामागून तो हवाईच्या वादकांपर्यंत गेला आणि पुढे पंडित विश्वमोहन भट्टांपाशी पोहोचला. भट्ट हे रविशंकरांचे शिष्य. त्यांची मोहनवीणा म्हणजे बदलून घेतलेली गिटारच. १९९२ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे, फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी सेमिनरीतील ख्रिस्त राजाच्या प्रार्थनामंदिरात दोघे वाजवायला बसले. आधी तालीम नाही. साथीला सुखविंदर सिंग नामधारींचा तबला आणि कूडरच्या चौदा वर्षांच्या मुलाचे तालवाद्य. कूडर ज्याला स्लाइड म्हणतो ती आपली मींड, हे सांगण्याची तिथे कुणाला गरज पडली नसावी. १९९४ साली या तबकडीला ग्रॅमी मिळाले. त्यानंतर माली, त्यानंतर क्युबा. क्युबातील वृद्ध कलावंतांमुळे त्याची कीर्ती फार वाढली. मला मात्र हीच तबकडी जवळची.

एका संध्याकाळी ती वडिलांना ऐकवली. ध्वनिमुद्रण कुठे झाले ते मुद्दाम सांगितले नाही. ते डोळे मिटून बसले होते. तबला सुरू झाला तेव्हा त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, इतकेच. शेवटची फिजीची निरोपाची धून संपल्यावर म्हणाले, “हे देवळात वाजवलंय.”

“कशावरून?”

“स्वर विरायला वेळ घेतोय.”

तबल्याविषयी ते काहीच बोलले नाहीत. मीही विचारले नाही.