पाच जणींचा खेळ

शुक्रवार, 27 ऑक्टोबर 2017, मेलबर्न

उद्या-परवाची तिकिटं लेकीनं मी येण्याआधीच काढून ठेवली होती. हायसेन्स अरीनामध्ये फास्ट फाइव्ह नेटबॉलची जागतिक स्पर्धा आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड, जमैका, दक्षिण आफ्रिका आणि मलावी, असे सहाच संघ. दोन दिवसांत सगळं उरकणार.

रात्री जेवताना नातीनं नियम समजावले. नेहमी सात जणी, इथे पाच. पंधरा मिनिटांची क्वार्टर इथे सहा मिनिटांची. खांबाजवळून टाकलेल्या गोलला एक गुण, सर्कलच्या कडेच्या पट्ट्यातून दोन आणि सर्कलच्या बाहेरून तीन. प्रत्येक संघाला एक पॉवर प्ले क्वार्टर, त्यात सगळं दुप्पट. म्हणजे एका फेकीचे सहा! मी म्हटलं, हा खेळ आहे की लिलाव? ती खुदकन हसली. ती वयाच्या मानानं लहानखुरी आहे, क्लबात विंग अटॅक खेळते.

तेवढ्यात सांगलीहून यांचा फोन. पुणेरी पलटणला पाटण्यानं बाहेर काढलं त्याचा राग अजून गेलेला नाही. उद्या चेन्नईला प्रो कबड्डीची फायनल, पाटणा विरुद्ध गुजरात. "तू तिकडे नेटबॉल बघ, मी इकडे रेड मोजतो," म्हणाले.

शनिवार, 28 ऑक्टोबर

सकाळी आधी नातीची मॅच. डांबरी कोर्टांची रांगच्या रांग, प्रत्येकावर पोरी, बाजूला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले आईबाप. शाळेत पी.टी. शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मी स्कोअर बघत नाही, पाय बघते. चेंडू हातात आल्यावर टेकलेला पाय उचलला तर तो पुन्हा जमिनीला लागायच्या आत पास गेला पाहिजे, आणि तीन सेकंदांच्या वर चेंडू धरून चालत नाही. टप्पे मारत पळायची सोय नाहीच. नातीचे पाय चांगले आहेत. दोन उंच पोरींच्या मधून तिनं छातीसमोरून असा काही पास दिला की मला राहवलं नाही, "शाब्बास!" म्हणून ओरडले. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.

दुपारी सत्तर नंबरच्या ट्रॅमनं अरीनात. आत दिवे, गाणी, मध्येच धुराचे फवारे. कोर्ट मात्र तेच, साडेतीस मीटर लांब. तेवढ्याच जागेत चौदांऐवजी दहा जणी, म्हणून मोकळी जागा केवढी तरी दिसते आणि धाव पण तेवढीच वाढते. सहा मिनिटांची क्वार्टर का, ते दोन मिनिटांत कळलं. बदली खेळाडू सारख्या आत-बाहेर.

पहिल्या तासात माझं मत दोनदा फिरलं. लांबचा गोल बघितला तेव्हा मी खूश. नेटबॉलच्या रिंगमागे बोर्ड नसतो. दहा फुटांवर नुसतं कडं, त्यात चेंडू सरळ वरून पडला पाहिजे, आपटून आत घालायची सोय नाही. सर्कलच्या बाहेरून, म्हणजे खांबापासून सोळा फुटांपलीकडून, शूटर दोन्ही टाचा जुळवते, गुडघे जरासे वाकवते, चेंडू डोक्याच्याही मागे नेते, आणि शेवटी सगळं काम मनगट करतं. बोटं चेंडू सुटल्यावरही रिंगकडे वळलेली राहतात. नेहमीच्या खेळात असा प्रयत्न कोण करणार? सर्कलच्या बाहेरून गोल धरतच नाहीत, आणि आतही जवळ जाऊन टाकला काय किंवा लांबून, गुण एकच. इथे त्या मनगटाला भाव मिळाला, ते बरं झालं.

पॉवर प्लेनं मात्र डोकं फिरवलं. तीच शूटर, तीच जागा, तोच चेंडू. या क्वार्टरला तीन आणि त्या क्वार्टरला सहा. हे काय?

आणखी एक नियम बारीक लक्ष दिल्यावर दिसला. नेहमी मधला पास आळीपाळीनं मिळतो, गोल कुणी का केला असेना. इथे ज्यांनी गोल खाल्ला त्यांनाच चेंडू. मागे पडलेल्याला सारखा हात दिला जातो, म्हणजे सामना शेवटपर्यंत चिकटून राहतो. चुरस आपसूक येत नाही म्हणून ती नियमात पेरून ठेवली आहे.

रविवार, 29 ऑक्टोबर

सकाळी यांचा मेसेज: पाटणा 55, गुजरात 38. प्रदीप नरवालचं कौतुक दोन ओळीभर. मग मीच फोन लावला. म्हटलं, तुमची कबड्डी आणि ही नेटबॉल एकाच शाळेत शिकल्यात. तीस सेकंदांची रेड, दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय', तीन किंवा कमी खेळाडू उरले असताना पकड केली तर जास्तीचा गुण. हेही टीव्हीसाठीच ना? ते म्हणाले, "असेल. पण आपल्या कबड्डीत सात आहेत ते सातच ठेवलेत."

हे वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. इथे ज्या दोन जागा काढल्या त्या नेमक्या विंग अटॅक आणि विंग डिफेन्स. शाळेत संघ पाडताना उंच पोरी आपोआप रिंगखाली जायच्या, आडदांड पोर बचावाला, दमसास असलेली सेंटरला. बारकी, चपळ, डोळस पोर राहायची, तिला मी विंगला टाकायची. गोल तिच्या नावावर लागत नाही, पेपरात नाव येत नाही. पण सर्कलच्या तोंडावर चेंडू कुठून आत घालायचा हे तिलाच कळतं. घाईचा खेळ करायचा म्हटल्यावर पहिली काट तिच्यावर पडली. गुणांच्या गमतीजमतींपेक्षा मला हे जास्त लागलं.

फायनल इंग्लंड-जमैका. यजमान ऑस्ट्रेलिया नाही! अकरा वेळा जगज्जेतेपद मिळवलेला देश, पण या झटपट प्रकारात अजून एकदाही विजेता नाही. 2009 मध्ये मँचेस्टरला ही स्पर्धा सुरू झाल्यापासून न्यूझीलंडनं सहा वेळा मारली, मध्ये एकदाच, 2011 ला, इंग्लंडनं. आज पुन्हा इंग्लंडच. जमैकाच्या शूटर उंचीनं रिंगला जवळ, त्यांना चेंडू वरून मिळाला की अडवणार कोण? म्हणून इंग्लंडच्या पोरींची सगळी मेहनत तो चेंडू सर्कलपर्यंत पोचूच न देण्यावर. शेवटच्या मिनिटाला आमच्या रांगेतले सगळे उभे. मीही उभी राहिले, पुढचं दिसेना म्हणून.

जावयाचं लक्ष निम्मं मोबाइलवर. घरी येऊन पाहतो तर कानपूरला रोहित आणि विराट दोघांची शतकं. न्यूझीलंड सहा धावांनी हरेपर्यंत इथे रात्रीचे दोन-अडीच वाजले. पन्नास षटकं, अख्खा दिवस, आणि तरी शेवटच्या षटकापर्यंत खेचलंच ना?

सोमवार, 30 ऑक्टोबर

चुरशीचं म्हणाल तर 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुलातली नेटबॉलची फायनल आठवते, टीव्हीवर पाहिलेली. त्यागराज स्टेडियम, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, सात-सात जणी, गोलला एकच गुण. साठ मिनिटांत बरोबरी, जादा वेळेतही बरोबरी, चौऱ्याऐंशी मिनिटं खेळून न्यूझीलंड 66-64. भाजी गॅसवर करपली होती. त्या सामन्याला ना पॉवर प्ले लागला, ना धूर.

लेक म्हणते, "आई, पण अरीना भरलं होतं की! यावर्षी इथे नेटबॉलची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली, मलावीची म्वाई कुम्वेंडा या गावच्या व्हिक्सन्सकडून खेळते. पोरींना खेळून पगार मिळायचा तर टीव्हीवर दिसायला नको?" ते मला पटतं. आमच्या वेळी राज्य खेळलेल्या पोरींना प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा मिळायचा. पैसा येत असेल तर सहा मिनिटांचं क्वार्टर मी गिळीन. पॉवर प्ले नाही गिळणार, आणि विंग काढलेली तर नाहीच.

नात शाळेतून आली ती विचारतच, "आजी, पाच जणींत खेळवलं तर मी कुठे?"

"सेंटरला."

"पण सेंटरला सगळ्यात जास्त पळावं लागतं!"

"मग पळायचं. उद्यापासून शाळेच्या आधी, पार्कात."

"किती फेऱ्या?"

"तुझ्या आईला विचार. सांगलीच्या आमराईत तिच्याकडून मी किती मारून घेतल्यात ते तिला अजून पाठ आहे."

लेकीनं आतूनच आकडा सांगितला. नात म्हणाली, निम्म्या चालतील का?