लूक 4, वचन एकोणिसाच्या पुढे

4 नोव्हेंबर 2024, सोमवार
येता रविवार दलित मुक्ती रविवार. उपदेशासाठी लूकचा चौथा अध्याय घेतला आहे.

धर्मांतर केलेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का, हे तपासणाऱ्या बालकृष्णन आयोगाला आणखी वर्षभर मुदत मिळाली. 10 ऑगस्ट 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेरच. बाप्तिस्मा घेतलेल्या बाईला जातीवरून मारहाण झाली तर अॅट्रॉसिटी कायदा तिच्या मदतीला येत नाही, आणि मारणारा तिची जात विसरलेला नसतो. हे पुलपिटवरून बोलायलाच हवे.

6 नोव्हेंबर, बुधवार
संध्याकाळी घरभेटी. एका घरी मुलीचा बायोडाटा दाखवला. धर्म ख्रिस्ती, शेजारी कंसात मूळ जात, पेनाने वेगळी लिहिलेली. आई म्हणाली, "पाळकसाहेब, आमची अट काही नाही, पण आपल्यातलंच असलेलं बरं." आपल्यातलं म्हणजे महारातलं की मांगातलं, एवढाच तिचा प्रश्न. नगरला मिशन आले 1831 मध्ये. इतक्या पिढ्या एकाच प्रभुभोजनाला बसलो, तरी सोयरिकीची वेळ आली की दोन वाटा.

8 नोव्हेंबर, शुक्रवार
रात्री पुन्हा पाठ वाचला. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी उघडतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात लगेच पुढे देवाच्या सूडाचा दिवस येतो. येशू त्याच्या आधी थांबतो, गुंडाळी सेवकाला देतो आणि बसतो. इथवर गाव खूश आहे. मग तो सारफथची विधवा आणि अरामी नामान यांची आठवण काढतो. दोघेही परके, आणि देवाची कृपा नेमकी त्यांच्यावर. तेव्हा तेच गावकरी त्याला डोंगराच्या कड्यावरून ढकलायला नेतात.

आपल्याकडे उपदेश बहुधा एकोणिसाव्या वचनाशी संपतो. मुक्तीची घोषणा सगळ्यांनाच आवडते. परक्याला आपल्या घरात जागा देण्याची गोष्ट निघाली की राग येतो, आणि शुभवर्तमानाचा खरा कस तिथेच लागतो.

10 नोव्हेंबर, रविवार
दोन्ही बोललो. 1950 चा आदेश सांगितला तेव्हा माना डोलत होत्या. बायोडाट्यातल्या कंसाबद्दल बोललो तेव्हा देवळात चुळबूळ सुरू झाली.

भक्तीनंतर पंचांपैकी एक वडीलधारे जवळ आले. "साहेब, निवडणूक तोंडावर आहे, राजकारण नको." मी विचारले, "काका, आदेशाबद्दल बोललो ते राजकारण, की लग्नाबद्दल बोललो ते?" ते काही बोलले नाहीत, पण हात हातात धरून उभे राहिले. माणूस प्रामाणिक आहे.

सरकारकडे समान हक्क मागायचा आणि आपल्या दारात जात विचारायची, हे एकाच तोंडाने शोभत नाही. मंडळीत ज्यांच्या घरी यंदा स्थळे पाहणे चालू आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: बायोडाट्यातला तो कंस खोडा, आणि समोरच्या घरी "मूळचे कोण?" हे विचारू नका.