गौरीचा तेरडा

श्रावण सरत आला, की एखाद्या रविवारी पुण्याजवळचा सिंहगड पायी चढा बरं! गाडीरस्त्याने नव्हे, आतकरवाडीच्या पायवाटेने. झाडीच्या कडेला, दगडांच्या खाचांत, जिथे पाणी झिरपतं तिथे गुलाबी फुलांचे ताटवे उभे असतात. हाच आपला तेरडा. इथलाच, कुणीही न लावलेला.

खाली बसून फूल मागच्या बाजूने पाहा. बारीक, वाकडी शेपटी दिसते ना? तिच्यात मध असतो. लांब सोंडेची फुलपाखरं तो पितात. आता फुगलेल्या बोंडाला हळूच बोट लावा. फट्! बोंडाच्या 5 फाका स्प्रिंगसारख्या गुंडाळतात आणि बिया लांब उडतात. पहिल्यांदा दचकायला होतंच!

तेरडा एका पावसाळ्याचाच सोबती. पाऊस गेला की झाड वाळून जातं. पुढच्या वर्षाची सारी भिस्त त्या बियांवर. पाचवीत असताना मी गौरीसाठी एका बांधावरचा सगळा तेरडा मुळांसकट उपटून आणला होता. (बऱ्याच घरांत तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं.) बोंडं अजून कच्चीच होती. दुसऱ्या वर्षी त्या बांधावर मोजून चार रोपं! आजी काही बोलली नाही. पण जूनमध्ये तिने एक रिकामी कुंडी माझ्यापुढे सरकवली.

तुम्हीही लावा. गडावरची रोपं मात्र आणू नका हं. ओळखीच्या कुणाच्या अंगणात असेल, तर पिकलेलं बोंड मुठीत झाकूनच तोडा, नाहीतर बिया गेल्याच! नर्सरीच्या पाकिटातून बहुधा गुलाबासारखा दुहेरी तेरडा निघतो. तोही छान, पण गडावरचा एकेरी. बिया सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला की भुसभुशीत मातीवर पसरा आणि वरून चिमूटभर माती भुरभुरवा. 8-10 दिवसांत कोंब दिसतील. रोपांत वीतभर अंतर ठेवा. सकाळचं ऊन, दुपारची सावली त्याला मानवते. खोड पाण्याने भरलेलं असतं. पाणी तुटलं की मान टाकतं, साचलं की कुजतं. दोनेक महिन्यांत फुलं येतात.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात. एका फुलाचं ते खरं असेल, पण झाडावर नव्या कळ्या उमलतच राहतात. आणि हो, गौरीसाठी काढाल तेव्हा दोन रोपं कुंडीतच राहू द्या, बोंडं पिकेपर्यंत.