बाबांचा पाय

आमचे बाबा सोलापुरांतील एका यंत्रमागाच्या कारखान्यांत चादरी विणण्याचें काम करतात. दिवसभर मागापाशीं उभें राहिल्यानें सायंकाळीं पाय सुजणें ही आमच्या वस्तींत नित्याचीच गोष्ट. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यांत घडलेल्या प्रसंगाचें गांभीर्य आम्हांस प्रथम उमगलें नाहीं.

जिन्यावरून घसरून बाबांच्या डाव्या पायाचें हाड मोडलें व पाय सहा आठवडे प्लॅस्टरमध्यें राहिला. प्लॅस्टर काढल्यावर चार दिवसांनीं पोटरी सुजली, दुखूं लागली व हाताला गरम लागूं लागली. "प्लॅस्टर निघाल्यावर थोडी सूज येतेच," असें शेजारी म्हणाले. आजीनें करडईचें तेल कोमट करून दिलें, आणि दोन रात्री मीं तें पोटरीस जोर लावून चोळलें. पितृसेवा घडत आहे, या समाधानांत मी होतों.

तिसऱ्या दिवशीं आईच्या ध्यानांत एक गोष्ट आली. श्रमानें येणारी सूज दोन्ही पायांस येते व रात्रीच्या विश्रांतीनें उतरते. ही मात्र एकाच पायास, आणि सकाळींहि तशीच! आई शिवणकाम करते. तिनें आपली टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटरनें मोठी भरली. ती तत्काळ बाबांस सिव्हिल हॉस्पिटलांत घेऊन गेली. मीहि सोबत होतों.

तेथील डॉक्टरांनींहि प्रथम टेपच घेतली. गुडघ्याखालीं ठराविक अंतरावर मोजून तीन सेंटिमीटरांहून अधिक फरक आढळल्यास शंका बळावते. मात्र फरक कमी असला म्हणजे गुठळी नाहींच, असेंहि नव्हे. नंतर डॉप्लर सोनोग्राफी झाली. निरोगी शीर यंत्रानें दाबली असतां चपटी होते. बाबांची शीर दबेना. तींत रक्ताची गुठळी होती. प्रवाह मंदावणें, शिरेच्या भिंतीस इजा होणें व रक्ताची गोठण्याची प्रवृत्ति वाढणें, हीं याचीं तीन कारणें. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याच्या १८५६ सालच्या लेखनाशीं तीं जोडलीं जातात.

मग डॉक्टरांनीं विचारलें, "पाय चोळला काय?" मीं मान खालीं घातली. चोळल्यानें गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसांत अडकूं शकतो. मग एकाएकीं दम लागतो, छातींत कळ येते, प्रसंगीं प्राणहि जातो. माझ्याच हातांनीं काय घडलें असतें, या विचारानें अंगावर कांटा आला. डॉक्टर रागावले नाहींत. "इतरांस सांग," एवढेंच म्हणाले.

रक्त गोठूं न देणारीं औषधें तीन महिने घेऊन बाबा आतां पुन्हां मागापाशीं उभे आहेत. डॉक्टरांच्या त्या शब्दास मान देऊन हें लिहिलें. वाचकहो, मोडलेलें हाड, शस्त्रक्रिया वा दीर्घ अंथरूण यांनंतर एकच पाय सुजला, तर तेलाची वाटी बाजूस ठेवावी व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. मायेला ज्ञानाची जोड हवी, हें मी त्या दिवशीं शिकलों.