पाच मुठींचा ध्रुव



"अंकासाठी आपल्या छंदाविषयी लिहा," असे बाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझ्याकडे दुर्बीण नाही आणि मी विज्ञानाची पदवीधरही नाही. कॉलेजात मी हिशेब शिकले. पण आकाशाकडे बघण्याचे वेड मात्र आहे, आणि ते माझ्या वडिलांकडून आले आहे.

पुण्याला टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिर आहे. तिथे ज्योतिर्विद्या परिसंस्था नावाची हौशी मंडळींची संस्था आहे. ती 1944 साली सुरू झाली. बाबा तिथे जायचे आणि घरी येऊन गच्चीवर आम्हा भावंडांना रांगेत उभे करायचे. आम्हाला थंडी वाजत असायची, झोप येत असायची. "तो मृग, त्याच्यामागे व्याध, त्या कृत्तिका." मृगाला ओरायन म्हणतात हे मला या देशात आल्यावर कळले. आमच्या मुलीचे उलटे आहे. तिला प्लाऊ माहीत होता, सप्तर्षी माहीत नव्हते. प्लाऊ म्हणजे नांगर. इंग्रजांना तिथे नांगर दिसला, आपल्याला सात ऋषी दिसले. तारे तेच आहेत.

दोन-तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मुलीला शाळेतून ध्रुव तारा शोधायचा गृहपाठ मिळाला. मी तिला बाबांची रीत दाखवली. सप्तर्षींच्या चौकोनातले पुढचे दोन तारे म्हणजे क्रतू आणि पुलह. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढायची आणि ती दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे न्यायची, की ध्रुव सापडतो. पुष्कळांना वाटते की ध्रुव सर्वांत तेजस्वी तारा असेल. तो तसा मुळीच नाही, आणि लंडनच्या दिव्यांत तर बिचारा आणखीच मिणमिणता दिसतो.

मुलीने रविवारी आजोबांना फोन केला. "आजोबा, मला ध्रुव दिसला! खूप उंच होता."

"उंच?" बाबा म्हणाले. "आमच्याकडे तर तो अगदी खाली असतो. किती मुठी उंच होता?"

हात पूर्ण लांब करून मूठ वळली, की ती मूठ आकाशात साधारण 10 अंश झाकते. लहान मुलांची मूठ लहान असते, पण हातही तेवढाच आखूड असतो, म्हणून हिशेब जुळतो. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत वर जायचे. मुलीच्या पाच मुठी झाल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी पुण्यात मोजले तर दोन भरल्या, त्यासुद्धा ओढूनताणून. ध्रुव जितके अंश वर दिसतो, तितकेच तुमच्या गावाचे अक्षांश असतात. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, लंडनचे साडेएकावन्न. विषुववृत्तावर गेलात तर ध्रुव क्षितिजाला टेकतो, उत्तर ध्रुवावर गेलात तर डोक्यावर येतो.

पण बाबा एवढ्यावर थांबले नाहीत. ते म्हणाले, "तुझ्या पाच, माझ्या दोन. फरक तीन मुठींचा, म्हणजे 30 अंश. आता अ‍ॅटलास काढ आणि पुणे ते लंडन सरळ उत्तरेकडे किती अंतर आहे ते पट्टीने मोज. पूर्व-पश्चिम धरायचे नाही." मुलीने मोजले, 3,650 किलोमीटर आले. 30 अंशांना एवढे, तर 360 अंशांना किती? बारापट. म्हणजे 43,800 किलोमीटर. पृथ्वीचा घेर खरा 40,000 किलोमीटरच्या आसपास आहे. मुलगी हिरमुसली. "चार हजारांनी चुकले!" बाबा म्हणाले, "अगं, दोघांच्या मुठी आणि एक फोन. एवढ्यात पृथ्वी मोजली, अजून काय हवे?"

त्या वर्षी मे महिन्यात बाबा आमच्याकडे आले. सोबत जुनी द्विनेत्री, खास इथल्या आकाशासाठी. आणि इथे आमची फजिती झाली. मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लंडनला पुरता काळोख होतच नाही. सूर्य मावळतो, पण क्षितिजाखाली 18 अंश जात नाही, त्यामुळे उत्तरेकडे रात्रभर उजेड रेंगाळतो. हे मला एवढ्या वर्षांत माहीत असायला हवे होते, पण उन्हाळ्यात मी अकरानंतर जागी कधी असते! बाबा अंगावर माझा ओव्हरकोट घेऊन बागेत खुर्चीवर बसत, काळोखाची वाट पाहत आणि तिथेच झोपी जात. एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. पुण्याला सप्तर्षी मावळतात, इथे ते कधीच मावळत नाहीत. "यांना सुट्टीच नाही," ते म्हणायचे.

एका रात्री मुलीने विचारले, "असा एखादा तारा आहे का, जो तुम्हाला दिसतो आणि मला नाही?"

"अगस्ती," बाबा म्हणाले. इंग्रजीत त्याला कॅनोपस म्हणतात. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तोच. पण तो इतका दक्षिणेला आहे की इंग्लंडमधून कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी दिसत नाही. मग गोष्ट आली. विंध्य पर्वत वाढत चालला होता. अगस्ती ऋषी दक्षिणेला निघाले, त्यांना पाहून विंध्य वाकला. ते म्हणाले, मी परत येईपर्यंत असाच राहा.

"मग कधी आले परत?"

"नाही आले."

"आणि विंध्य अजून वाकलेलाच?"

बाबा हसले, पण लगेच उत्तर दिले नाही. मीही कप उचलून आत गेले.

याला कारण आहे. मी या देशात यायला निघाले तेव्हा बाबांनी मला विमानतळावर डॉ. जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' हे पुस्तक दिले आणि म्हणाले, "नारळीकर परत आले होते हो." नारळीकर 1957 साली केंब्रिजला आले, फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी संशोधन केले आणि 1972 साली ते भारतात परतले. पुढे 1988 साली पुण्याला आयुका ही संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. पंधरा वर्षे झाली तेव्हा बाबांनी एकदा आठवण केली, नंतर केली नाही. मला आता बावीस वर्षे झाली. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले, त्या दिवशी बाबांचा फोन आला. बातमी सांगून म्हणाले, "पुस्तक आहे ना गं तुझ्याकडे?" आहे म्हटले.

त्याच डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो. आता बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही आणि त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. गॅलरीतून दिसायचे तर दक्षिणेला नवीन इमारत उभी. अगस्ती बघून किती दिवस झाले, विचारले तर म्हणाले, "दोन हिवाळे."

रात्री दहाला मी आणि मुलगी गच्चीवर गेलो. टाक्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिलो. आधी व्याध सापडला, मग त्याच्या खाली, उजवीकडे, इमारतीच्या कडेला एक पांढरा ठिपका दिसला. मला आधी वाटले विमान असेल. तो हलला नाही.

मुलीने खाली फोन लावला. "आजोबा, दिसला! एकदम मोठा आहे."

"किती मुठी?"

तिने हात लांब केला, एक डोळा मिटला. "एक... दीड."

"दहा वाजता दीडच हवा," बाबा म्हणाले. "आता थांब तिथेच. बारापर्यंत दोन होतील. आईला सांग, शाल घेऊन जा म्हणावं."