गडग्याचे खिंडार

माणसाला चोराची जेवढी धास्ती वाटते, तेवढी आपल्याच कुंपणाला पडलेल्या खिंडाराची वाटत नाही. चोराला तोंड असते, नाव असते. त्याच्याविषयी पडवीत बसून चार गोष्टी रंगवून सांगता येतात. खिंडाराविषयी काय सांगणार? आमच्या रत्नागिरीकडे आंब्याच्या बागांना जांभ्या दगडाचा गडगा घालतात. पावसाळ्यात कुठे दोन चिरे निसटतात. ‘पुढल्या वर्षी बघू’ म्हणून मालक मुंबईस निघून जातो आणि हंगामापुरता नेपाळहून आलेला एखादा राखण्या ठेवतो. राखण्या आहे ना, मग बाग सुरक्षित आहे, अशी त्याची समजूत.

आमच्या वहिनींची समजूत संगणकाच्या बाबतीत अशीच होती.

दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, जाऊन आता चार वर्षे झाली. उतारवयात ते संगणक शिकले आणि बागेतल्या प्रत्येक कलमाची नोंद त्यात ठेवू लागले. कोणत्या कलमाला मोहोर कधी आला, किती पेट्या निघाल्या, कोणते गिऱ्हाईक पैसे आठवणीने धाडते आणि कोणाला तीन पत्रे लिहावी लागतात. मध्येच ‘आज वारा फार, जिवाला चैन नाही’ अशीही एखादी ओळ. वहिनी त्या यंत्रावर रोज फडके फिरवतात आणि दिवेलागणीनंतर ते उघडून त्यातली दोन पाने वाचतात. यंत्र विंडोज ७ वर चालणारे. त्या प्रणालीची नेहमीची डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजीच थांबली आहे.

यंदा गणपतीला पुतणी पुण्याहून आली. ती याच विद्येत नोकरी करते. यंत्र बघताच ती म्हणाली, “आई, हे इंटरनेटला जोडलेले ठेवू नकोस गं.”

“अगं, त्यात अँटिव्हायरस आहे की! दरवर्षी पैसे भरते मी.”

आता मलाही राहवेना. मी विचारले, “काय गं, मग तो राखण्या करतो तरी काय?”

“काका, त्याच्या खिशात एक यादी असते. आजवर सापडलेल्या चोरांच्या बोटांचे ठसे म्हणा ना. येणारी प्रत्येक फाईल तो त्या ठशांशी ताडून बघतो. पण चोर नवा असला, आणि फाटकातून न येता खिंडारातून आला, तर यादी काय कामाची?”

खिंडार म्हणजे प्रोग्राम लिहिताना राहून गेलेली चूक. समजा, प्रोग्रामने शंभर अक्षरांपुरती जागा राखली आहे आणि आलेला मजकूर मोजायचे राहिले आहे. कोणी मुद्दाम दोनशे अक्षरे धाडली, की वरची शंभर शेजारच्या जागेत सांडतात. पुढे कोणते काम करायचे, याची खूण तिथे लिहिलेली असेल तर ती पुसली जाते, आणि सांडलेला मजकूर कावेबाजपणे रचलेला असेल तर यंत्र त्यालाच धन्याची आज्ञा समजून मुकाट्याने पाळू लागते.

“मग राखण्याने हात जोडून बसायचे?”

“छे! आताचा राखण्या हुशार झाला आहे. खिंडार कुठे आहे हे एकदा कळले, की तिथून शिरण्यासाठी पाठवलेला मजकूर कसा दिसतो हे तो शिकून घेतो आणि तारेवरच अडवतो. शिवाय चालचलणुकीवर नजर ठेवतो. पत्रे लिहायचा प्रोग्राम एकाएकी बाहेरून दुसराच प्रोग्राम आणवून चालवू लागला, की त्याची मानगूट धरतो. मध्यरात्री हातात घळ घेऊन कलमावर चढणारा माणूस ओळखीचा नसला, तरी कशाला आला हे कळतेच ना! पण काका, चिरा बसवणे हे त्याचे काम नव्हे. ते गवंड्याचे, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीचे. आणि गवंडी आला तर आपण त्याला घरात घेतले पाहिजे.”

मग तिने २०१७ सालची हकीकत सांगितली. विंडोजमधल्या एका मोठ्या खिंडाराची डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला जगाला देऊ केली. ती करून घ्यायला पुष्कळांना सवड झाली नाही. १२ मेला ‘वॉनाक्राय’ नावाची साथ त्याच खिंडारातून शिरली आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरली. इंग्लंडातल्या रुग्णालयांना रोगी परत पाठवावे लागले. मधे एकोणसाठ दिवस गेले होते! पुढे २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. तो त्याच खिंडाराचा उपयोग करी, आणि एका यंत्रात शिरला की तिथल्या किल्ल्या चोरून शेजारची यंत्रेही उघडी. आमच्याच कोकणच्या किनाऱ्यावर, उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका धक्क्याचे काम त्याने ठप्प केले.

राखण्यावर सारी भिस्त ठेवण्यातही धोका आहेच. त्याला घरभर मोकळीक द्यावी लागते. तोच अडखळला तर घर कोलमडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन राखणदार कंपनीने धाडलेल्या एका सदोष फाईलमुळे जगातली सुमारे पंचाऐंशी लाख यंत्रे बंद पडली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर उतारूंना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले.

“आणि गंमत म्हणजे,” पुतणी म्हणाली, “आपल्याकडे या धंद्यात ज्यांचे नाव झाले, ते क्विक हीलवाले कैलास काटकर मुळात दुरुस्ती करणारेच. रहिमतपूरचा माणूस. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे भाऊ संजय संगणक शिकले, आणि दोघांनी मिळून हा व्याप उभा केला.”

हे सगळे वहिनींनी ऐकून घेतले आणि हळूच विचारले, “म्हणजे ह्यांच्या नोंदी जायच्या?”

पुतणी काही बोलली नाही. तिने तार काढली, यंत्र नीट तपासले, आणि रात्री बसून साऱ्या नोंदींच्या दोन प्रती केल्या. एक माजघरातल्या कपाटात, एक पुण्याला. बागेचा हिशेब आता नव्या यंत्रावर. जुने जागच्या जागी आहे. त्याला बाहेरची वार्ता नाही, आणि वहिनी दिवेलागणीनंतर ते खुशाल उघडतात.

प्रती करताना दादांची शेवटच्या पावसाळ्यातली एक ओळ पुतणीने मोठ्याने वाचली : ‘वरच्या अंगाच्या गडग्याचे दोन चिरे निसटले. गवंड्यास सांगणे.’

वहिनी उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणाल्या, “भावोजी, पाऊस सरला की तेवढा गवंडी बघा.”

दसऱ्याच्या आधी चिरे बसले. राखण्या मात्र यंदाही ठेवायचा आहे.