यादी आणि मैदान

संघाच्या यादींत नांव असणें निराळें आणि मैदानावर उभें राहावयास मिळणें निराळें. अमेरिकेच्या बेसबॉलमध्यें दूरच्या क्षेत्राचे रक्षक तीनच; चौथ्यानें बाकावर बसावें. १९५१ सालीं न्यूयॉर्क जायंट्सनीं २० वर्षांच्या विली मेजला मधल्या जागीं घेतलें. त्यासाठीं बॉबी थॉमसनला ती सोडावी लागली. पहिल्या २६ खेपांत मेजला एकच यशस्वी फटका साधला. तो रडला, तरी व्यवस्थापक ड्यूरोशर यांनीं त्याची जागा काढून घेतली नाहीं. त्याच वर्षीं तो उत्कृष्ट नवोदित ठरला आणि पुढें कारकीर्दींत त्यानें ६६० होमरन मारले.

आम्हीहि याद्या करतों. वक्तृत्वस्पर्धेच्या यादींतून एका अडखळणाऱ्या विद्यार्थ्याचें नांव आम्हीं एकदांच ऐकून खोडलें. २६ वेळां कोण ऐकत बसणार, असें तेव्हां वाटलें होतें.